नव्या वाईनचं बारसं

बदकाच्या पोटात सफरचंदं भरून झाली होती आणि ते शिवायला दोरा सापडत नव्हता, तेव्हा मिर्नाचा फोन वाजला. सणाच्या सकाळी झाग्रेबच्या इस्पितळातून उगाच कुणी फोन करत नाही, हे प्रेसेचकींच्या घरात आता सगळ्यांना कळत होतं. रुझाने बदक तसंच परातीत ठेवलं आणि ओले हात अंगापासून लांब धरून ती लेकीच्या तोंडाकडे बघत राहिली.

"मिर्ना, वडिलांच्या रक्ताचे रिपोर्ट आलेत," डॉक्टर लोव्रेकोविच म्हणाल्या. बाईंचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता, पण आज तो मुद्दाम सपाट ठेवल्यासारखा वाटला. "लिव्हरची एन्झाइम्स चढलीत. आणि गोळ्यांची रक्तातली पातळी बरीच उतरलीय. मागच्या खेपेला दोन्ही ठीक होतं."

"गोळ्या मी स्वतः डबीत भरून देते. रोज डबी रिकामी असते."

"ते मला माहीतच आहे. मग मला एक विचारावं लागेल, आणि ते मी सगळ्यांनाच विचारते. ते पितायत का?"

मिर्नाने श्वास घेतला. मग म्हणाली, "नाही."

"तुम्ही बोलून बघा त्यांच्याशी. उद्या सकाळी घेऊन या. शरीर नवं लिव्हर नाकारायला लागलं असेल तर वेळ घालवून चालणार नाही. हे लिव्हर गमावलं तर दुसरं मिळायला काय लागतं, ते तुम्ही पाहिलंय."

पाहिलं होतंच. पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा सगळे पायजमे-चपला पिशवीत घालून झाग्रेबला गेले होते, आणि आलेलं यकृत फार मेदाचं निघालं म्हणून तसेच परत आले होते. परतीच्या वाटेवर मिर्नाच्या बाबांनी, वालेंटने, गाडी थांबवून सगळ्यांना पावात भरलेले सॉसेज खायला घातले होते. पिवळ्याजर्द तोंडाने तो म्हणाला होता, "मेदाचं लिव्हर तर मीच देऊ शकलो असतो, त्यासाठी एवढ्या लांब कशाला?"

फोन ठेवल्यावर मिर्नाने दोन्ही गोष्टी सांगितल्या, एन्झाइम्स चढल्याची आणि गोळ्यांची पातळी उतरल्याची. तिला सवयच होती. वाराझ्दिनच्या प्रयोगशाळेत ती दिवसभर इतरांच्या रक्ताचे आकडे बघायची, आणि एक आकडा सांगून दुसरा गाळणं तिला जमत नसे. पण घरातल्यांनी दोन्हींपैकी एकच ऐकली.

"मी सांगत होतो," मिर्नाचा दादा क्रेशो म्हणाला. तो दारात उभा होता, बगलेत माळ्यावरून काढलेला पुठ्ठ्याचा मुकुट. दरवर्षी नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला घरातला एक माणूस खोटा बिशप व्हायचा, पुठ्ठ्याचा मुकुट घालायचा आणि पिंपातल्या नव्या रसाचा बाप्तिस्मा करून त्याची वाईन करायचा. आजोबा इम्ब्रोंनंतर तो मान वालेंटचा होता. आणि पहिला घोट बिशपचा. "म्हातारा गेले आठ दिवस मुकुट मुकुट करतोय. कशासाठी, ते आता कळलं."

"तोंडाला वास नसतो रे त्याच्या," रुझा म्हणाली. पण म्हणताना तिने नजर खाली केली.

"आई?" मिर्ना म्हणाली.

"रात्री उठतो. फडताळ उघडल्याचा आवाज येतो, मग काचेवर काहीतरी किणकिणतं. मी झोपेचं सोंग घेते." ती स्टुलावर बसली. "आधी तर डोळ्याला डोळा लागत नव्हता त्याच्या. आता घोरतो. मला बरंच वाटत होतं. कुणाला सांगून वाईटपणा कशाला घेऊ?"

"वाईटपणा," क्रेशो म्हणाला. "आई, कुणीतरी मेलं तेव्हा हे मिळालंय. ते वाईनच्या पिंपात बुडवायला?"

"एन्झाइम्स दारूने चढतात," मिर्ना म्हणाली. "पण गोळ्यांची पातळी दारूने अशी उतरत नाही."

"पिणारा माणूस गोळ्या संडासात टाकतो. त्याला काय प्रयोगशाळा लागते?"

दादाचं बोलणं ऐकताना तिला वाटलं, हा खटला या घरात आधी एकदा चाललाय. आजोबा इम्ब्रो पिवळे पडून गेले तेव्हा सगळ्या गावाने वाईनला दोषी धरलं होतं. आजी मरेपर्यंत मान वर करून चर्चमध्ये गेली नाही. आणि नंतर वालेंटच्या आजारात कळलं, की दोष पिढ्यांमधून उतरलेला, अंगात लोह साठवून ठेवणारा होता, आणि त्यानेच आजोबांचं यकृत गंजवलं होतं. क्रेशोमध्येही तो आहे, म्हणून लोह कमी व्हावं यासाठी क्रेशो नेमाने रक्त काढून घ्यायला जातो. तरी आज आरोपी पुन्हा वाईनच, आणि सरकारी वकील क्रेशो.

"मी तळघराची किल्ली काढून घेतो," तो म्हणाला आणि निघाला. रुझाने बदक न शिवताच भट्टीत ढकललं, ॲप्रन काढला, आणि ती मुलाच्या मागोमाग गेली. यावरून ती कुणाच्या बाजूची ते मिर्नाला कळलं.

क्लेत, म्हणजे मळ्यातली वाईनची कोठी, टेकडीवर, द्राक्षांच्या रांगांच्या वरच्या टोकाला होती. खाली पिंपांचं तळघर, वर चुलीची एक खोली, एवढाच तिचा संसार. खोलीत वालेंट बाकावर बसून मागच्या वर्षीच्या दुसऱ्या, फाटक्या मुकुटावर सोनेरी कागद चिकटवत होता. शेजारी त्याची थोरली बहीण याल्झा. ती वाळवलेल्या पोळ्यांचे तुकडे मोडून टोपल्यात टाकत होती. बदकाच्या रश्श्यात भिजवायचे तुकडे तिच्याच हातचे लागत, इतर कुणी मोडले तर ती जेवताना ते बाजूला काढायची.

मिर्ना दारातच थबकली. बाबांचे हात. गोळ्या सुरू झाल्यापासून ते थरथरायचे. कॉफीचा कप बशीवर वाजायचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, औषधाचा हा गुण आहे, चालायचंच. आता ते हात कागदाची बारीक कड ओढून बसवत होते, अगदी स्थिर.

क्रेशोनेही ते पाहिलं. "हात बरे चालतायत आज."

"चालतायत ना? महिनाभर झाला. चमचा आता तोंडाचा पत्ता चुकत नाही."

"गावातल्या मोरानेचा धाकटा असाच सांगायचा. एक पेग पोटात गेला की हात थांबतो म्हणून."

वालेंटने मुकुट मांडीवर ठेवला.

"काय झालंय?" त्याने मुलाला नाही, मिर्नाला विचारलं.

तिने सांगितलं. दोन्ही गोष्टी. त्याने दोन्ही ऐकल्या, असं तिला वाटलं, कारण दुसऱ्यावर त्याच्या कपाळाला आठी पडली. पण तोवर क्रेशोने हात पुढे केला होता.

"तळघराची किल्ली द्या, बाबा."

"घे." त्याने ती पट्ट्यावरून सोडवून बाकावर ठेवली. "चव मी नाकानेच घेतो. तोंडात घेऊन थुंकतसुद्धा नाही, कारण घेतच नाही. पण तू विचारलंच नाहीस, नुसती किल्लीच मागितलीस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"क्रेशो," याल्झा म्हणाली. तिने टोपलं खाली ठेवलं. "तुझं ढुंगण मी धुतलंय. तुझी आई बाळंतपणात तापाने पडली होती, तेव्हा सहा आठवडे मी धुतलंय. माझ्यादेखत बापाला असं बोलायचं नाही."

"आत्या, तू यात पडू नकोस. तुला तुझा भाऊ कधीच चुकलेला दिसत नाही."

"चुकतो की. बटाटे फार खारट करतो. पण पीत नाही. रात्री ग्लासभर दुधात मध ढवळून घेतो आणि झोपतो, लहान मुलासारखा. विचार तुझ्या आईला."

रुझाने मान वर केली. "दूध?"

"मग काय व्हिस्की? चमच्याचा आवाज ऐकला असशील."

"पण दूध-मध चोरून कशाला प्यायचं?" रुझा म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद आणि राग इतका कालवलेला होता की तिलाच तो वेगळा करता येईना.

मिर्नाच्या डोक्यात दुसरी गोष्ट, जी कुणाला नको होती ती, उठून बसली.

"आत्या, कसला मध?"

"आपल्याच मधमाश्यांचा. दुकानातला साखरेचा पाक मी देईन का त्याला?"

"नुसता मध?"

"फुलं कुटून घालते थोडी. संत इव्हानची. झोप लागते, मन हलकं होतं. आई करायची, आजी करायची. तुझ्या बापाला आणि मला त्यावरच वाढवलंय." तिने भिंतीवरच्या फळीकडे हात केला. "ती बघ. दुपारी पडतो इथे, म्हणून एक बरणी इथे ठेवलीय."

मिर्नाने बरणी उजेडात धरली. इव्हानच्या सणाला, उन्हाळा भरात असताना, बांधाबांधावरून खुडतात ती पिवळी फुलं. घराघरात ती उलटी टांगून वाळवतात, तेलात मुरवतात, भाजल्यावर लावतात. मधाला तांबूस झाक होती. तिने चमच्याच्या दांड्याने एक कळी बाहेर काढली, बोटांत चिरडली, आणि बोटं जांभळट लाल झाली. लहानपणी ती आणि दादा याच कळ्या चिरडून एकमेकांना रक्त आल्याचं दाखवायचे. क्रेशो त्या बोटांकडे बघत राहिला. त्यालाही ते आठवलं असावं.

"किती दिवस घेताय, बाबा?"

"सप्टेंबर सरताना सुरू केलं. का? ते नको होतं?"

ती बाकावर बसली. विद्यापीठात हे तिने वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं, आणि त्यावर चांगले गुण मिळाले होते. फक्त ते आपल्याच घरात, आत्याच्या बरणीत असेल, हे तिच्या मनात आलं नव्हतं.

"यकृतात औषधं मोडणारे कामगार असतात असं समजा. काम असेल तेवढेच जागे असतात. ही फुलं बाकीच्यांनाही झोपेतून उठवतात. मग येईल ते औषध ते दुप्पट वेगाने मोडतात. बाबा गोळी वेळेवर घेतात, पण ती रक्तात टिकतच नाही. म्हणून पातळी उतरली. म्हणून हात थरथरायचे थांबले. आणि म्हणून शरीराला कळायला लागलं, की हे लिव्हर आपलं नाही."

वालेंटने पोटावर हात ठेवला. "म्हणजे हे लिव्हरच आपलं औषध खातंय?"

"हो. तसंच."

"भूक चांगली आहे त्याला," तो म्हणाला. त्याला त्यात खरंच कुतूहल वाटत होतं. भीती वाटायला अजून वेळ होता.

रुझा मात्र आधीच फोन पुढे करत होती.

डॉक्टर लोव्रेकोविचनी सगळं ऐकून घेतलं. "मध," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी लोकांना विचारते, जडीबुटी घेता का, काढे घेता का. मध घेता का हे कधी विचारलं नाही. यापुढे विचारीन. आता ऐका. तो मध बंद. पण गोळ्या आज नेहमीच्याच द्या, मनाने वाढवू नका. फुलांचा असर उतरेल तशी पातळी आपोआप चढेल, आणि तेव्हा गोळी जास्त झाली तर मूत्रपिंडांना भारी पडेल. उद्या या. सकाळची गोळी रक्त काढल्यावरच. बहुधा लिव्हरचा एक बारीक तुकडा सुईने घेऊन तपासावा लागेल. लवकर सापडलंय. बहुतेक वेळा हे आवरतं."

"बहुतेक वेळा."

"मी खोटं बोलत नाही, म्हणून तसं म्हणते. आणि बरणी फेकू नका. मला बघायचीय."

मिर्नाने हे जसंच्या तसं सांगितलं, 'बहुतेक'सकट. क्रेशोने किल्ली खिशात घातली होती. आता तो ती खिशातल्या खिशात फिरवत होता, आवाज येत होता.

"मला त्यांनी ग्रेपफ्रूट नको सांगितलं होतं," वालेंट म्हणाला. "आयुष्यात मी ते खाल्लेलं नाही. तरी दुकानात दिसलं की मी कोबीच्या बाजूने वळसा घालतो. पण मध म्हणजे औषध थोडंच? मध म्हणजे घर."

तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष याल्झाकडे गेलं. ती टोपल्यापाशी बसली होती, हात मांडीवर, तळवे वर, जणू त्यांना काही लागलंय आणि कुठे पुसावं ते तिला समजत नाहीये.

"मीच त्याला रोज एक चमचा घ्यायला सांगितलं होतं," ती म्हणाली. "मोजून. जास्त नको म्हणून."

"ताई."

"माझं लिव्हर घेतलं नाही त्यांनी. वय झालंय म्हणाले. मला वाटलं, निदान एवढं तरी."

"ताई, मी मागितलं होतं. तू आपणहून दिलं नाहीस, मी मागितलं."

"का पण?" रुझा म्हणाली. ती नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली होती. "झोप लागत नव्हती तर मला का नाही सांगितलंस? मी शेजारीच तर झोपते."

वालेंटने मुकुट उचलला, सोनेरी कागदावर अंगठा फिरवला, पुन्हा ठेवला.

"तुला काय सांगू? तू माझ्या उशाशी बसून देवाचे आभार मानायचीस. तुला मी सांगू, की मी जिवंत आहे म्हणून मला झोप लागत नाही?"

खाली रस्त्यावर कुणाचा तरी अकॉर्डियन वाजायला लागला होता, अजून लांब.

"ऑपरेशननंतर एका तरुण डॉक्टरने मला समजावून सांगितलं," तो म्हणाला. "तो आनंदात होता, त्याला वाटलं मलाही आनंद होईल. म्हणाला, तुमचं लिव्हर आधी यंत्रात ठेवलं होतं. बर्फात नाही, उबेत. त्यात रक्त खेळवलं. चांगलं आहे की नाही ते बघायला. आणि तिथे, यंत्रात, त्याने पित्त करायला सुरुवात केली. म्हणून आम्ही ते घेतलं, म्हणाला." त्याने मिर्नाकडे पाहिलं. "कुणासाठी केलं ते पित्त? ज्याचं होतं तो गेला होता. माझं अजून झालं नव्हतं. मधल्या वेळात ते कुणाचंच नव्हतं, आणि तरी कामाला लागलं. तू शिकलेली आहेस. सांग, तेव्हा ते कुणाचं होतं?"

पेशींना मालक ठाऊक नसतो, उष्णता आणि प्राणवायू मिळाला की त्या आपलं काम करतात, हे मिर्नाला सांगता आलं असतं. ते खरंही होतं. पण बाबांनी ते विचारलं नव्हतं.

"मला नाही माहीत, बाबा."

"बरं झालं. तू काहीतरी सांगशील अशी मला भीती होती." त्याने नाक पुसलं. "मी तेच धरून पडून राहायचो. त्या सकाळी दुसऱ्या एका घरात कुणी टेबलावर कॉफी ठेवली असेल आणि ती कुणी प्यायलं नसेल. आणि माझ्या घरी सगळे नाचत होते. ताईला एकदा बोललो. तिने विचारलं नाही की वेड लागलंय का. तिने मध दिला."

रुझा त्याच्या शेजारी बसली. "ती मेणबत्ती," ती म्हणाली. "सर्व संतांच्या दिवशी, स्मशानातल्या मोठ्या क्रुसापाशी. आपल्या सगळ्या माणसांची थडगी तर एका रांगेत आहेत, तरी तू तिथे एक लावलीस. मला वाटलं, एक उरली म्हणून लावली."

"ज्यांची माती लांब आहे त्यांची तिथे लावतात ना."

"हो. तिथेच लावतात." तिने त्याचा हात धरला. तो थरथरत नव्हता. आता उलट ती मनात म्हणत असावी, थरथरला असता तर बरं होतं.

क्रेशो खाली तळघरात गेला. किल्लीचा आवाज झाला, दार कुरकुरलं. मिर्नाला वाटलं, तो तिथेच बसून राहणार. पण तो वर आला, हातात ग्लासच्या तळाशी थोडी नवी वाईन. गढूळ, कोवळी.

"कोपऱ्यातल्या पिंपाला काहीतरी वास येतोय," तो म्हणाला. तो बापाकडे बघत नव्हता, ग्लासाकडे बघत होता. "सडक्या अंड्यासारखा. मला नीट कळत नाही. तुम्ही बघता का?"

मुलाने बापाच्या हातात वाईनचा ग्लास दिला, त्याच खोलीत, सगळ्यांच्या देखत. वालेंटने तो घेतला. फिरवला. नाक आत घातलं, डोळे मिटले. कुणी त्याच्या ओठांकडे पाहिलं नाही. निदान मिर्नाने तरी नाही.

"गंधकाचा वास आहे. गाळावर फार दिवस बसलीय. आज सण होऊ दे, उद्या पिंप बदल, हवा लागू दे. जाईल." त्याने ग्लास परत दिला. "आणि किल्ली तुझ्याकडेच ठेव. मी उद्या झाग्रेबला आहे, पिंप कोण बदलणार?"

"दुसरी करून आणतो. एक तुमच्याकडे, एक माझ्याकडे."

"तसं कर."

क्रेशोने ग्लास खिडकीत ठेवला आणि उगाचच चुलीत लाकूड सरकवलं. "मोरानेचं मी बोलायला नको होतं."

"मोरानेच्या धाकट्याला कळलं तर तो रागावेल," वालेंट म्हणाला. "तो हल्ली पीत नाही."

मिर्ना बाबांजवळ गेली. तिला ते सांगून टाकायचं होतं, नाहीतर ते तिच्या आत एखाद्या न नोंदवलेल्या आकड्यासारखं राहिलं असतं. "डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही पिता का. मी नाही म्हणाले. पण लगेच नाही म्हणाले. एक श्वास घेतला."

"एक?"

"एक."

"मी दोन घेतले असते," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा बरी."

अकॉर्डियन आता मळ्याच्या फाटकापर्यंत आला होता. शेजारी, क्रेशोची बायको सान्या, तिचे आईवडील, आणि खालच्या आळीतले दोघे-तिघे, ज्यांना कुणी बोलावत नाही आणि जे दरवर्षी येतात. बदक भट्टीतून थेट इकडे आणायचं काम सान्याने केलं होतं. खोली गरम झाली, खिडक्यांवर वाफ धरली. लोकांना आत काय होऊन गेलं ते माहीत नव्हतं; त्यांना एवढंच दिसलं, की प्रेसेचकी मंडळींचे डोळे लाल आहेत आणि तरी ती हसतायत.

"बिशप कुठाय?" कुणीतरी ओरडलं. "वालेंट, मुकुट चढव."

वालेंट उठला. त्याने नव्याने चिकटवलेला मुकुट घेतला, आणि कोपऱ्यात पाठमोऱ्या बसलेल्या बहिणीच्या डोक्यावर ठेवला.

"बाई बिशप?" सान्याचे वडील म्हणाले. "रोमला कळवावं लागेल."

"कळवा. पत्ता आहे का?"

"वालेंट, काढ ते," याल्झा हलक्या आवाजात म्हणाली. "आज माझ्या हातून कुणी काही घेऊ नये."

"मी घेतो," तो तितक्याच हळू म्हणाला. मिर्ना जवळ होती म्हणून तिला ऐकू आलं. "ताई, आपले बाबा गेल्यावर मला भाकरी कुणी घातली? एका बरणीने ते पुसलं जात नाही. ऊठ. लोक तहानलेत."

ती उठली. मुकुट तिच्या डोक्याला मोठा होता, भुवयांवर उतरत होता, आणि त्यामुळे ती खऱ्याच बिशपसारखी कडक दिसायला लागली. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेला नव्या रसाचा चंबू रुझाने तान्ह्या बाळासारखा छातीशी धरला, कारण या बाप्तिस्म्यातली धर्माची आई ती होती. धर्माचा बाप वालेंट. याल्झाने दर वर्षीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. आवाज आधी फाटका, मग हळूहळू भरत गेला.

"हे लेकरू कुठून आणलंत?"

"टेकडीवरून," दोघे म्हणाले.

"त्याने पाप केलंय का?"

"अजून नाही," सगळी खोली म्हणाली, "पण करेल." हशा झाला.

"त्याचं नाव काय ठेवायचं?"

इथे दरवर्षी विनोद असायचा. गेल्या वर्षी वाईनला करखात्यातल्या साहेबाचं नाव ठेवलं होतं, त्याच्या आदल्या वर्षी क्रेशोच्या नादुरुस्त ट्रॅक्टरचं. लोक आधीच हसायच्या तयारीत होते. वालेंटने चंबूवर हात ठेवला.

"नाव मला माहीत नाही," तो म्हणाला. "इस्पितळात कुणी सांगत नाही, तसा नियमच आहे. त्याचं जे असेल ते."

खोलीला समजायला थोडा वेळ लागला. एकेकाच्या चेहऱ्यावर ते पोचलं. अकॉर्डियनवाल्याने वाद्य मांडीवर मिटून धरलं.

"बाई असली तर?" याल्झाने विचारलं. हा प्रश्न विधीत नव्हता.

"तिचं जे असेल ते."

याल्झाने द्राक्षवेलीची काडी पाण्यात बुडवली आणि चंबूवर शिंपडलं. "तुझं जे नाव असेल," ती म्हणाली, "त्या नावाने, लेकरा." पुढचे शब्द दर वर्षी मोठमोठ्याने म्हणायचे असतात. ती पुटपुटली, पण सगळ्यांनी त्यात आवाज मिसळला, क्रेशोने सगळ्यात आधी.

मग पहिला ग्लास भरला. पहिला घोट बिशपचा, पण याल्झाने तो भावाकडे दिला, आणि क्रेशोने तोंड उघडलं नाही. वालेंटने डोळे मिटून बराच वेळ वास घेतला. मग तो दाराबाहेर गेला, पायरीपाशी इम्ब्रोंनी लावलेल्या जुन्या वेलीच्या बुंध्याशी वाकला, आणि घाई न करता ग्लास रिकामा केला. मातीने वाईन लगेच पिऊन टाकली.

तो आत आला, ग्लास बहिणीपुढे धरला. "आता मला पाणी."

याल्झाने जग उचलला. ओतण्याआधी तिने मुकुट मागे सारला, जगात नाक घालून पाण्याचा वास घेतला, स्वतः एक घोट चाखला, मग थोडा वेळ थांबून, खात्री झाल्यावर, भावाचा ग्लास काठोकाठ भरला.